नदीच्या कुठल्या काठाचं गाव

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची काही वर्षं मी वाराणसीतल्या एका हिंदी दैनिकात उपसंपादक होते. राहायला रामघाटावर, काका-काकूंकडे. काका जवळच्याच वेदपाठशाळेत शिकवत. त्यांचा मुलगा, माझा धाकटा चुलतभाऊ, भातशेतीचा अभ्यास करून वर्षभराच्या प्रशिक्षणाला फिलिपिन्सला गेला होता. प्रशिक्षण संपलं आणि तो तिथेच राहिला. एका बेटावरच्या लहानशा गावात भाताच्या नव्या वाणांची चाचणी चालायची, त्या शेतांवर त्याला काम मिळालं होतं.

होळीच्या आधी त्याचं जाड पाकीट आलं. त्यात पत्र होतं. तिथल्याच एका मुलीशी लग्न ठरवलं आहे, ती गावच्या कचेरीत काम करते, चर्चमधला विधी तिचे लोक करतील, आपला विधी मी स्वतः म्हणेन, असं त्यानं लिहिलं होतं. लहानपणी तो बापाच्याच पाठशाळेत बसला होता, त्यामुळे म्हणणं त्याला कठीण नव्हतं. त्याला घरून तीन गोष्टी हव्या होत्या: आईच्या हातच्या अक्षता, आईनं दिलेलं मंगळसूत्र आणि बाबांनी लिहून दिलेला संकल्प. विद्यापीठातले एक प्राध्यापक तीन आठवड्यांनी मनिलाला जाणार होते, ते पुडकं नेणार होते.

काकूनं पत्र दोनदा वाचलं.

"मुलगी चांगलीच असेल," ती म्हणाली. "गाव कसं आहे?"

"लिहिलंय की. छोटं आहे," काका म्हणाले.

"छोटं म्हणजे काय? छोटं तर रामघाटपण आहे. मला गाव मालूम नाही तोवर मी काही पाठवायची नाही. सांगून ठेवते."

हे हट्टानं म्हटलेलं नव्हतं. आमच्या घरांमध्ये पद्धतच तशी होती. स्थळ पक्कं करण्याआधी घरातला एक माणूस गाव बघून यायचा. पत्रिकेतून मुलगा-मुलगी कळतात, गाव कळत नाही, असा त्यामागचा हिशेब. पाणी कुठून भरतात, चारी बाजूंना काय आहे, देऊळ कुणाचं, लोक काय करून खातात, हे तो बघायचा आणि परत येऊन चटईवर बसून सांगायचा. माझ्या थोरल्या बहिणीचं एक स्थळ केवळ विहिरीवरून मोडलं. विहिरीची एक बाजू ढासळली होती आणि दोन पावसाळे कुणी ती बांधली नव्हती. काकूचं स्वतःचं माहेर कृष्णाकाठचं. तिथेही काकांचे एक काका बघायला गेले होते आणि त्यांनी परत येऊन सांगितलं होतं की गाव ठीक आहे, डास फार. काकू ते अजून विसरली नव्हती.

गाव बघायला आजवर पुरुष जात. या वेळी जायचं नव्हतं, बसल्या जागी लिहायचं होतं, म्हणून काम माझ्याकडे आलं.

"तू तर अखबारवाली," काकू म्हणाली. "रोज कुठल्या कुठल्या मुलकाच्या खबरा छापता. एक गाव नाही शोधता येणार?"

पाकिटात पत्राशिवाय अकरा टंकलिखित पानांची फोटोप्रत होती. त्या गावाच्या कचेरीनं तयार केलेली गावाची माहिती. भावानं वर पेन्सिलीनं लिहिलं होतं: ताई, ही हिनेच टाईप केली आहे.

मी ती पानं दैनिकाच्या कचेरीत नेली, शब्दकोश घेऊन बसले आणि पहिल्याच पानावर अडले. तिथे त्या गावाला म्युनिसिपालिटी म्हटलं होतं आणि मेयरचा संदेश होता. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की गावात चित्रपटगृह नाही, बँक नाही, दूरध्वनी एकच आहे आणि तो कचेरीत आहे. जमीन बहुतेक भाताची आणि नारळाची. मधोमध चर्च, कचेरी, बाजार आणि शाळा, त्याला मुख्य वस्ती म्हटलेलं. बाकी सगळ्या वाड्या. वाड्यांची यादी दीड पान चालली होती. काही डोंगरावर, पायी जायच्या, काही किनाऱ्यावर, जिथे होडीशिवाय जाता येत नव्हतं.

संध्याकाळी मी हे वाचून दाखवलं.

"मेयर आहे म्हणजे शहर आहे," काकू म्हणाली.

"शेती आहे म्हणजे गाव आहे," काका म्हणाले.

"दोन्ही आहे," मी म्हणाले.

"दोन्ही कसं असेल? एक काहीतरी ठरव ना."

"त्यांच्याकडे ठरवलेलं नाही, काकू. म्युनिसिपालिटी आहे आणि सगळी शेतं आहेत."

"आणि या वाड्यांना कोण बघतं?"

"प्रत्येक वाडीला एक कॅप्टन असतो."

"फौज आहे का तिथे?"

काका हसले. मी सांगितलं की तो निवडून येतो, आपल्याकडच्या ग्रामप्रधानासारखा. मग त्याला प्रधान का म्हणत नाहीत, असं काकूनं विचारलं. 

अशा चार-पाच संध्याकाळी गेल्या. बातमीदारीत मला शिकवलं होतं की एखादी गोष्ट दोन ठिकाणांहून जुळली की ती लिहायची. इथे एकाच कागदातल्या दोन पानांचं जुळत नव्हतं. दुसऱ्या पानावर लोकसंख्येचा एक आकडा होता, सातव्या पानावर दुसरा, मोठा. वर्ष एकच. कुठला खरा, हे कुठेही म्हटलेलं नव्हतं. दैनिकाच्या कचेरीतल्या ॲटलासमध्ये ते बेट माझ्या नखाएवढं होतं आणि त्यावर गावाचं नाव नव्हतं. भावाच्या पत्रात गावापासून समुद्र "इथेच" होता. माहितीपत्रात तो मुख्य वस्तीपासून बराच दूर होता. पानोपानी पांढऱ्या शाईनं खोडून वर पुन्हा टाईप केलेलं होतं, आणि फोटोप्रतीत अशा जागी नुसते करडे डाग उतरले होते.

ग्रामदैवताच्या जागी एक संत होता. मे महिन्यात त्याची जत्रा. मूर्ती होडीत बसवून नदीतून फिरवत.

"होडीतून?" काकूनं हातातलं काम थांबवलं. "मग बुडवतात?"

"नाही. फिरवून परत चर्चमध्ये आणतात."

"परत आणतात!" ती पुन्हा कामाला लागली. तिला ते आवडलं की नाही, मला कळलं नाही.

वादळांना एक पूर्ण पान होतं. ते तिनं शांतपणे ऐकलं. पाऊस उतरता उतरता रामघाटाच्या खालच्या पायऱ्या आणि काही वर्षी खालची गल्लीही पाण्यात जात असे. वादळाचं वर्णन तिला परकं वाटलं नाही. आठव्या पानावर कोंबड्यांच्या झुंजीच्या मैदानाचा उल्लेख होता. ते मी गाळलं. डेस्कवर जागा कमी पडली की ओळी गाळण्याची सवय असते. इथे जागा कमी नव्हती.

दरम्यान काका संकल्प लिहायला बसले होते. कुठल्याही विधीच्या आधी आपण कोण, कधी आणि कुठे आहोत हे संकल्पात म्हणायचं असतं. काशीत ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे: भागीरथ्याः पश्चिमे तीरे. भागीरथीच्या पश्चिम काठावर. गंगा इथे उत्तरेला वाहते, शहर तिच्या एकाच काठावर आहे, आणि आम्हा सगळ्यांना हे शब्द अर्थ कळण्याआधी पाठ झालेले असतात. आता काकांना पहिल्यांदाच दुसरी जागा लिहायची होती.

"जंबूद्वीप कुठे संपतं, हे कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "आणि तिथे द्वीपंच द्वीपं दिसतात. ते सोड. नदीचं नाव सांग, आणि गाव कुठल्या काठावर आहे ते सांग."

नदीचं नाव माहितीपत्रात होतं. काठासाठी शेवटच्या पानावरचा नकाशा बघावा लागणार होता. तो इतका काळवंडला होता की घरात दाखवण्यासारखा नव्हता. दैनिकातला चित्रकार बातम्यांबरोबर छापायचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर उतरवायचा; त्याच्याकडून एक कागद घेऊन मी तसंच केलं. नदीची दुहेरी रेघ, प्रवाहाचा बाण, खाली समुद्राची नागमोडी रेघ, चर्चसाठी फुली, वाड्यांसाठी ठिपके, कोपऱ्यात उत्तर दिशेसाठी नुसतं एक इंग्रजी एन. नावं दुसऱ्या दिवशी लिहायची म्हणून ठेवली.

त्या संध्याकाळी मी घरी प्रूफं आणली होती. काकूनं कागद माझ्याकडून घेतला आणि खिडकीशी नेला. तिथे तिनं तो फिरवला. मला वाटलं, उजेडासाठी.

"ही नदी," ती म्हणाली. "आणि ही वरची वेडीवाकडी रेघ कसली?"

"समुद्र," मी प्रुफावरून मान न उचलता सांगितलं.

"नदी तिकडे जाते?"

"नदी समुद्राला मिळते, काकू. जाणारच."

 मग तिनं काकांना हाक मारली, आणि तिचा आवाज बदलला होता.

"अहो, इकडे या. बघा. नदी पूर्वेला, गाव पश्चिमेच्या काठावर आणि पाणी वर, उत्तरेला. उत्तरवाहिनी आहे!"

काकांनी चष्मा लावून बघितलं. "आपल्यासारखंच आहे," ते म्हणाले. "मग पश्चिमे तीरेच. बरं झालं."

मी मान उचलली तेव्हा कागद काकूच्या हातात होता आणि ती हसत होती. कोपऱ्यातला एन सरळ दिसला. उलटा केला तरी हे अक्षर तसंच दिसतं, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

त्या दोन दिवसांत गोष्ट गल्लीभर झाली. बालाजी घाटाकडे राहणाऱ्या एक मावशी काकूच्या जुन्या मैत्रीण होत्या. त्या मुद्दाम येऊन गेल्या.

"ऐकलं, तुझ्या सुनेच्या गावाला गंगा आहे," त्या म्हणाल्या.

"गंगा नाही. उत्तरवाहिनी आहे."

"मग तुझ्या लेकाला काशी सोडून जायची काय जरूरत होती? इथेच होती की."

"तुझा लेक दिल्लीला आहे ना? तिथली यमुना कुठे वाहते ते विचारून ये आधी," काकू म्हणाली. मावशी हसल्या आणि चहा घेऊन गेल्या.

त्याच दिवशी काकूनं मंगळसूत्र देवापुढे ठेवलं. गाव कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नावं लिहायला ट्रेसिंग पेपर मागून घेतला. कागदाच्या एका कोपऱ्यात काकूनं कुंकवाचा ठिपका दिला होता. देवाची दिशा म्हणून ती ईशान्येला लावते. उजवा वरचा कोपरा. मी कागद मूळ फोटोप्रतीवर ठेवला. रेघा जुळेनात. मी तो फिरवला, तेव्हा जुळल्या, आणि कुंकू डाव्या बाजूला खाली आलं. नैर्ऋत्येला.

मी पहिलं पान पुन्हा काढलं. तिथे ते शब्दांत लिहिलेलंच होतं: पश्चिमेला नदी, दक्षिणेला उपसागर. हे मी पहिल्या संध्याकाळी स्वतः वाचून दाखवलं होतं. काकूनं ते ऐकलं होतं, काकांनीही. पण रामघाटावर जन्म काढलेल्या माणसाला नदी पूर्वेला असते. पायरीवर उभं राहिलं की समोर नदी आणि समोरच सूर्य. नदीची दिशा आणि पूर्व या काकूसाठी दोन गोष्टी नव्हत्या. काकूनं कागद उलटा धरला नव्हता. तिनं तो तिला माहीत असलेल्या पद्धतीनं सरळ केला होता. समुद्र वर आल्याचं तिनं मला विचारलंही होतं, आणि मी होकार दिला होता.

पुडकं न्यायला प्राध्यापक परवा येणार होते.

मुख्य वस्ती पूर्व काठावर होती, हे आता दोन ठिकाणांहून जुळलं. पण मुलीचं घर मुख्य वस्तीतच आहे का, हे कुठेच नव्हतं. आपला विधी तिच्या घरी व्हायचा होता. पत्रात तिच्या वाडीचं नाव होतं. फोटोप्रतीवर त्या नावाचा ठिपका नेमका घडीवर आला होता आणि घडीवर नदी होती. मी चौकातल्या बूथवर जाऊन त्या कचेरीतला एकुलता एक फोन लावायला सांगितला. बऱ्याच वेळानं तो लागला. पलीकडच्या माणसाला मी भावाचं नाव सांगितलं. तो हसला, "फील्ड, फील्ड" म्हणाला, आणखी काही बोलला, मग नुसती खरखर. पुन्हा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू थाळीत तांदूळ घेऊन बसली होती. अक्षतांसाठी एकेक अखंड दाणा बाजूला काढत होती. तुटलेला दाणा अक्षतांत चालत नाही.

"काकू, तो नकाशा उलटा धरला होता आपण."

"आपण म्हणजे कोण?"

"तू. आणि मी तिथेच बसले होते, मला दिसलं नाही."

"मग नदी कुठे जाते?"

"दक्षिणेला."

"आणि गाव?"

"पूर्वेच्या काठावर."

तिचा हात थाळीत थांबला. "म्हणजे पार," ती म्हणाली.

पार म्हणजे गंगेचा पलीकडचा काठ. रामघाटासमोर तिथे नुसती वाळू आहे. तिथे कुणी घर बांधत नाही. तिथे मेलेला माणूस गाढवाच्या जन्माला जातो असं काशीत म्हणतात, आणि हे म्हणताना लोक हसतात. पण अंधार पडण्याआधी सगळ्या होड्या अलीकडे येतात.

"तुला कधी समजलं?"

"काल दुपारी."

"आणि सांगतेस आज."

"आधी खात्री करत होते."

"झाली?"

"अर्धी."

"परवा मंगळसूत्र देवापुढे ठेवलं," काकू म्हणाली. "तेव्हा तर होती ना उत्तरवाहिनी?"

हा प्रश्न मला होता की देवाला, समजलं नाही. मी काकांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं, माहितीपत्राचं पहिलं पान माझ्याकडून अर्थासह दोनदा वाचून घेतलं आणि आपला कागद काढला.

"पश्चिमे खोडून पूर्वे करतो. एका शब्दाचं काम आहे."

"एका शब्दाचं? त्या शब्दावर माझा मुलगा उभा राहणार आहे."

"अगं, काठ खरा सांगावा एवढंच आहे. चांगला असावा असं कुठे म्हटलेलं नाही."

"तुम्हाला काय, तुम्ही लिहून मोकळे." ती माझ्याकडे वळली. "तुझी ही पूर्व तरी पक्की आहे का? की उद्या पुन्हा फिरवशील?"

मी जे माहीत होतं ते सांगितलं. गावाचं पक्कं आहे. मुलीच्या घराचं नाही. तिची वाडी नकाशाच्या घडीवर आहे, फोन लागला नाही, आणि प्राध्यापक उद्या येणार आहेत. पूर्व म्हणून पाठवलं आणि घर पश्चिमेला निघालं, तर तेही खोटंच होईल.

"मग गाव कळलंच नाही म्हण."

"नाही कळलं," मी म्हणाले.

माझ्या कामात हे म्हणायची वेळ येत नाही. कळलं नाही तर बातमी थांबवतात.

काकूनं थाळी खाली ठेवली, उठून आत गेली.  काका पेनाला टोपण लावून बसून राहिले. मंगळसूत्र देवापुढून उचलायला ती गेली असेल, असं मला वाटलं. काकांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली. तसं झालं असतं तर पुडक्यात नुसता कागद गेला असता, किंवा तोही नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. पाणी प्यायली.

"जागा कोरी ठेवा," ती काकांना म्हणाली. "तीरेच्या आधी. तुम्हीपण लिहू नका, हिनंपण लिहू नये. दोघंही इथे बसून लिहिताय."

"कोरा संकल्प?" काका म्हणाले.

"कोरा नाही. एक शब्द. त्याला चिठ्ठी लिहा. सकाळी उठून तिच्या घरी जायचं, नदीवर उभं राहायचं, सूर्य कुठून वर येतो ते आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मग आपल्या हातानं भरायचं. गाव बघायला घरातलं कुणीतरी जातंच. तो तिथेच आहे, तर तोच जाऊ दे."

"आणि काठ पूर्वेचा निघाला तर?" मी विचारलं.

"तर पूर्वे लिहील. काय करणार, नदी उचलून ठेवणार?" ती पुन्हा थाळीपाशी बसली. "तुझ्या त्या कागदावरचं कुंकू पूस आधी."

मी पुसलं. ट्रेसिंग पेपरवर गुलाबी डाग राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापक आले. पुडक्यात अक्षता, मंगळसूत्र, एक शब्द कोरा असलेला संकल्प आणि काकूनं सांगितलेली, मी लिहिलेली चिठ्ठी होती. मावशींनी पुढे विचारलं तेव्हा काकूनं त्यांना काय सांगितलं, मला माहीत नाही. त्या पुन्हा नदीचं काही बोलल्या नाहीत.

भाऊ आणि त्याची बायको काशीला आली ती चार वर्षांनी, थंडीत. त्यानं काकांचा कागद परत आणला होता. कोऱ्या जागेत निळ्या शाईनं पूर्वे लिहिलं होतं. तीन दिवस ढग होते, चौथ्या दिवशी सूर्य दिसला, असं त्यानं सांगितलं. काकूनं कागद वाचला, घडी घातली आणि देवघरात ठेवला. म्हणजे माझं बरोबर होतं. तसं कुणी म्हटलं नाही.

मी त्याच्या बायकोला इंग्रजीतून लोकसंख्येचं विचारलं. इतकी वर्षं ते डोक्यात होतं. ती आधी चपापली, मग हसू लागली. दोन्ही आकडे तिनंच टाईप केले होते. गावातले पुष्कळ लोक परदेशात कामाला जातात, जहाजांवर, इस्पितळांत, घरकामाला; त्यांना मोजायचं की नाही यावर कचेरीत भांडण होतं. मेयर म्हणत होते मोजा, हिशेबनीस म्हणत होता मोजू नका. "मी दोन्ही ठेवले," ती म्हणाली. "कुणी अकरा पानं नीट वाचत नाही." मी काकूला हे सांगितलं. काकू म्हणाली, आपल्या रेशनकार्डावर याचं नाव अजून आहे.

एका सकाळी आम्ही तिघी घाटावर होतो. धुकं उतरत होतं, पलीकडची वाळू अजून दिसत नव्हती. सुनेच्या हातात मातीच्या कुल्हडातला चहा होता. काकू बराच वेळ तिच्याकडे बघत होती.

"विचार तिला," ती मला म्हणाली. "दारात उभं राहून नदीकडे तोंड केलं, तर पाणी कुठल्या हाताला जातं?"

"काकू, ते ठरलंय आता. दक्षिणेला जातं."

"दिशा नाही विचारली मी. हात विचारला."

मी विचारलं. सुनेनं कुल्हड पायरीवर ठेवला. ती क्षणभर डोळे मिटून उभी राहिली, जशी स्वतःच्या दारात असावी. मग तिनं डावा हात उचलला.

काकू गंगेकडे तोंड करून उभी होती. तिनं आपला डावा हात उचलला. तो राजघाटच्या पुलाकडे गेला, पाणी जात होतं त्याच बाजूला.

"मग?" ती मला म्हणाली. "मी काय उलटं धरलं होतं?"

मी खाली बसले. ओल्या बोटानं पायरीवर दोन रेघा काढल्या, एक आमची नदी, एक तिची. काठ मांडले, माणसं मांडली, दोघींची तोंडं नदीकडे केली. इकडे पूर्वेला तोंड, डावीकडे उत्तर. तिकडे पश्चिमेला तोंड, डावीकडे दक्षिण. दिशा विरुद्ध होत्या आणि दोन्ही प्रवाह डाव्याच हाताला जात होते. मी पुन्हा सुरुवातीपासून मांडलं. पुन्हा तसंच आलं. भावानं लिहिलेलं पूर्वे खरं होतं, आणि काकूनं खिडकीशी धरलेला कागदही चूक म्हणता येत नव्हता.

सून वाकून माझ्या रेघा बघत होती. काय चाललंय, हे तिला समजलं नव्हतं. मलाही सांगता येईना.

"लिही आता," काकू म्हणाली आणि पाण्याकडे उतरली. काय लिहायचं, ते तिनं सांगितलं नाही.